वासेवाले चेअरमन

कुठल्याही इमारतीत पाऊल टाकण्याआधी ते हातातल्या काठीनं तिची भिंत ठोकायचे. एकदा वर, एकदा खाली, आणि मग मान वाकडी करून आवाज ऐकत उभे राहायचे. इमारत बोर्डाची असो, देवाची असो, नाहीतर सोयऱ्याच्या घरची. थोरल्या लेकीसाठी दुसरबीडचं स्थळ पाहायला गेले तेव्हा व्याह्यांच्या दारातही त्यांनी हेच केलं आणि म्हणाले, "भिंत चांगली हाय, आता पोरगा पाहू." व्याही हा किस्सा पुढं कितीतरी वर्षं सांगत असत.

ते आमच्या लोकल बोर्डाचे चेअरमन होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. मोठे साहेब नागपुरात, त्यांच्याहून लहान बुलढाण्यात, आणि आमच्या खेड्यापाड्यांपर्यंत सरकार म्हणून जे काही पोचायचं ते या माणसाच्या घोड्यावर बसून पोचायचं. कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "होते! काऊन नाही होत?" काम होण्यासारखं आहे की नाही याचा विचार ते नंतर करत. त्यामुळं कित्येक कामं झाली, आणि एक असं झालं की त्यानं बाकी सगळ्यांवर पाणी फिरलं.

मी जानेफळच्या पलीकडच्या एका गावात बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचंही सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही लगेच म्हणाल, "म्हणजे ते वासेवाले का?" आणि मग पुढचं काही ऐकून घेणार नाही. हे मी इतक्यांदा भोगलं आहे की आता त्या प्रश्नानंच माझं डोकं फिरतं. म्हणून आधी दुसरं सांगतो. तेवढं ऐका, मग वाशांकडे येऊ.

आमच्याकडे देवीची साथ आली की टोचणाऱ्या माणसाला पाहून गाव ओस पडायचं. बाया पोरं घेऊन कपाशीत लपायच्या. चेअरमनसाहेबांनी यावर एक युक्ती काढली. चावडीसमोर बाजेवर बसायचे, बाही वर करायचे आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या दंडावर टोचून घ्यायचे. वर आरडाओरडा असा करायचे की लपलेली पोरं गंमत पाहायला बाहेर यायची. "अरे बाप रे! मेलो रे! नाही बे, काहीच नाही लागलं!" पोरं हसायची आणि हसता हसता टोचली जायची. गाव बदललं की पुन्हा तोच दंड, तीच बोंब. टोचणारा त्यांना म्हणाला, "साहेब, तुम्हाला आता याची गरज नाही." ते म्हणाले, "मले नाही रे, त्यायले हाय." त्यांचा दंड मी पाहिला आहे. त्यावर वणांना जागा उरली नव्हती.

डोणगावच्या बाजाराला जाताना जो नाला आडवा येतो, त्यावरचा दगडी रपटा त्यांचा. पूर्वी पावसाळ्यात तिथं गाड्या अडकायच्या, अडलेली बाळंतीण अलीकडेच राहायची. आज त्या रपट्यावरून बैलगाडी हाकत जाणारा माणूस वाशांची गोष्ट चवीनं सांगतो आणि चाक दगडावरून खडखडत असतं. एकदा मी गाडीत होतो. म्हटलं, "बाबा, ज्याच्यावरून चालला ते कोनं बांधलं?" तो म्हणाला, "बोर्डानं." मी गाडीतून उतरून चालू लागलो. एवढा राग करून उपयोग काही झाला नाही, पाय तेवढा ठणकला.

आता मुलींचा वर्ग. आमच्या शाळेत मुलगी पाठवणं म्हणजे तिला बिघडवणं, असं गावाचं पक्कं मत. चेअरमनसाहेबांनी बोर्डाकडून मुलींच्या वर्गाची मंजुरी आणली, पण मंजुरीनं मुली येत नसतात. मग ते घराघरांच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, नुसतं बसायचं. कापडाचे व्यापारी रहीमभाई यांनी दुसऱ्याच दिवशी मुलगी पाठवली, म्हणाले, "साब, दुकानाच्या दारात तुम्ही बसले तर गिऱ्हाईक सलाम करून परत जाते."

पाटलांच्या घरी मात्र म्हातारी खट होती. "बसा ना," म्हणाली, "ओसरी तुमचीच हाय." हे बसले. आता एवढा मोठा, वडीलधारा माणूस ओसरीवर बसलेला, तर सुनांनी त्याच्यासमोरून जायचं कसं? पाण्याला कोणी जाईना, शेणाला कोणी हात लावीना, गोठ्यात म्हैस ओरडू लागली. आतून सुनांची कुजबुज, बाहेर हे शांतपणे मिशीवरून हात फिरवताहेत. उन्हं डोक्यावर आली तेव्हा म्हातारीनं नातीच्या केसांना तेल लावून तिला बाहेर ढकललं. "घेऊन जा हिले अन् उठा बापा एकदाचे!" अशा रीतीनं आमचा वर्ग भरला. तो मुलांच्या शाळेच्या आवारातल्या जुन्या खोलीत बसायचा आणि मीच मुलींना शिकवायचो.

त्या जुन्या खोलीचं छप्पर कुजलेलं होतं. चेअरमनसाहेबांनी काठीनं भिंत ठोकली, म्हणाले, "भिंत अजून चालते. वरून झाकली की हलत नाही." त्यांनी छप्पर उतरवलं, नवीन सागवानी वासे मंजूर करून आणले, आवारात रचून ठेवले. प्रत्येक वाशाच्या टोकाला बोर्डाचा शिक्का. उन्हाळ्याच्या सुट्टीत छप्पर चढवायचं ठरलं. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं.

आमच्याकडे लग्न एका घराचं नसतं. चावडीची जाजमं, देवळाची भांडी, कोणाच्या बाजा, कोणाचे रांजण, जे गावात असेल ते मांडवात येतं आणि लग्न उरकलं की आपापल्या घरी जातं. कोणी विचारत नाही, कोणी नाही म्हणत नाही. चेअरमनसाहेबांनी शाळेचे वासे त्याच हिशेबात धरले. गडी गाडी घेऊन आला, म्हणाला, "मांडवाले नेतो, लगन झालं की आणून टाकतो." गावाची वस्तू आणि बोर्डाची वस्तू यांत फरक असतो, हे आमच्यातल्या कोणालाच तेव्हा कळलं नव्हतं. त्यांना मात्र कळायला हवं होतं. बोर्डाचे चेअरमन ते होते, आम्ही नव्हतो. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालेलो आहे.

त्या मांडवात सगळा तालुका जेवला. आंब्याचे टहाळे बांधलेल्या वाशांखाली पंगती बसल्या आणि वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. टहाळ्यांमधून शिक्के दिसत होते, कोणाचा घास अडला नाही.

लग्न झालं. मांडव उतरायच्या आतच त्यांच्या भाऊबंदांपैकी एक जण आला, "आता उभाच हाय तं आमच्या पोरीचंही याच वाशात होऊ द्या." हे काय म्हणणार? "होते! काऊन नाही होत?" तिथून ते वासे पुढच्या घरी गेले, तिथून शेजारच्या गावात. त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या वाशांनी एवढी लग्नं लावली की एखाद्या भटजीनंही लावली नसतील. मी दर आठवड्याला निरोप पाठवायचो, उत्तर यायचं, "एवढं एक लगन होऊ द्या मास्तर, पोरीच्या बापाले नाही कसं म्हनू?"

आणि पाऊस लागला. उघडी पडलेली मातीची भिंत वरून पाणी प्यायली. शाळा भरण्याच्या आदल्या दिवशी मी मुलींच्या पाट्यांची पेटी सरकवायला आत गेलो आणि भिंत बसली. नशीब की खोलीत मी एकटाच होतो. माझा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. हाडं बसवली, पण ती वाकडी बसली. तेव्हापासून मी लंगडतो.

चौकशी झाली. बुलढाण्याहून साहेब आले, चावडीत खुर्ची टाकून बसले. त्यांनी विचारलं, "वासे कोणी नेले?" चेअरमनसाहेब म्हणाले, "म्या नेले." पुढं कुठं कुठं गेले, कोणाकोणाच्या दारात उभे राहिले, यावर एक शब्द नाही. ज्यांच्या लेकी त्या वाशांखाली उजवल्या ते सगळे तिथंच बसलेले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढं मात्र त्यांतलेच काही जण सर्वांत मोठ्यानं 'चोर, चोर' म्हणू लागले. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून माणूस काय काय करतो हे मी त्या वर्षी पोटभर पाहिलं.

मी बाजेवर पडलेला असताना ते भेटायला आले. माझा संताप होत होता. म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगत काऊन नाही? सगळ्यायनं वापरले वासे. एकट्यानं काऊन मरता?"

ते माझ्या पायाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मास्तर, पोरी नांदायले गेल्या हायेत. उद्या सासरचे म्हनतीन, तुह्यं लगन चोरीच्या मांडवात लागलं. जल्मभर ऐकतीन त्या. मले काय, मी ऐकून घेतो."

"अन् माह्या पायाचं?"

"तुमच्या पायाचं पाप माह्यं एकट्याचं हाय," ते म्हणाले. "ते कोनालेच वाटून देत नाही मी."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या माणसावर धड रागावताही येत नाही आणि धड माफही करता येत नाही, याचाच मला सर्वांत जास्त त्रास झाला. आजही होतो.

चेअरमनकी गेली. त्या पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या. मानाची जोडी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची, पण त्या वर्षी ती मागं सरकवली गेली. मग झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडे पोळ्याला हे असतंच. कोणीतरी उठतो, कोणाची तरी टर उडवणाऱ्या दोन ओळी फेकतो, आणि सगळे महादेवाचा गजर करतात. त्या वर्षीची झडती होती:

"पोरीच्या लग्नाले बोर्डाचं सागवान,
मास्तर झाला लंगडा अन् चेरमन बेइमान!"

गाव फुटेस्तोवर हसलं. माणसं वळून वळून माझ्या पायाकडे पाहत होती. माझा पाय त्यांच्या दृष्टीनं आता माझा राहिला नव्हता, तो त्यांचा पुरावा झाला होता. चेअरमनसाहेब शेवटच्या जोडीजवळ उभे होते, बैलाच्या पाठीवरची झूल सारखी करत. मला वाटलं, अरे, टोचण्यावर एक ओळ जुळवा ना, रपट्यावर जुळवा, पोरींच्या शाळेवर जुळवा! पण अशा गोष्टींवर झडती जुळवायला कोण बसतो? ही मात्र दरवर्षी ऐकू येऊ लागली, शेजारच्या गावांतही गेली.

आणि मग ज्याची मला धास्ती होती तेच झालं. नव्या चेअरमनांनी परत आलेले वासे चढवून खोली उभी केली, मोठा समारंभ केला आणि तिथं मुलांचे वर्ग भरवायचं ठरवलं. मुलींचा वर्ग बंद. 'त्या माणसाचं खूळ' असा त्याला शब्द वापरला गेला. शाळातपासनीस येऊन गावाचं मत विचारणार होते आणि गावाचं मत काय पडणार हे उघड होतं. मी घरोघर फिरलो. म्हणालो, "अरे, ज्यानं हे उभं केलं त्याचा तरी मान ठेवा." प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर, "मास्तर, आधी आपला पाय पाहा." मी जितकं त्यांचं नाव घेत होतो तितका वर्ग बुडत होता.

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी दुपारी चेअरमनसाहेब माझ्याकडे आले. बसलेही नाहीत.

"मास्तर, माह्यं नाव घेऊ नोका. उद्या उठून उभे राहा अन् मले शिव्या द्या."

"काय म्हणता साहेब?"

"हाव. तुमचा पाय मोडला, तुमचंच लोक ऐकतीन. म्हना, हा वर्ग त्याचा नाही, त्यानं तं ह्या वर्गाचं छप्पर नेलं. वर्ग बंद केला तं त्याचंच काम पुरं होते, असं म्हना. पोरी वाचतीन."

"अन् तुमचं?"

"माह्यं काय राह्यलं आता? बोला तुम्ही. अन् मी असेतोवर खरं सांगू नोका कोनाले."

मी नाही म्हणालो. भांडलो. म्हणालो, तुम्हाला सगळं स्वतःच्याच अंगावर घ्यायची खोड लागली आहे, आणि तिचाही एक माज असतो. ते ऐकून घेत राहिले. जाताना म्हणाले, "पोरीयले विचारा, शाळा पायजे का मी पायजे."

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. ते बाहेर निंबाखाली, बैलगाडीच्या जुवावर बसले होते. मी काठी टेकत उभा राहिलो आणि सांगितलं होतं तसं बोललो. "हा वर्ग कोनाच्या बापाचा नाही, गावाच्या पोरीयचा हाय! त्या मानसानं यायच्या डोक्यावरचं छप्पर नेलं. आता तुम्ही वर्गच नेता? मंग त्याच्यात अन् तुमच्यात फरक काय?" लोक चपापले. मग कोणीतरी "बराबर हाय!" म्हणालं. मला जोर चढला. आणि मध्येच ठरवलेलं संपून न ठरवलेलं सुरू झालं. मी ओरडलो, "माह्यी लेक खेळाले बोलावते, मले धावता येत नाही! दे म्हना त्याले माहा पाय वापस!" माझा आवाज फाटला. ते नाटक नव्हतं. मी बाहेर पाहिलं. तोवर ते माझ्याकडे पाहत होते. त्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली.

वर्ग राहिला. पाटलांच्या म्हातारीनं पदर खोचून तपासनिसांना सांगितलं, "माह्यी नात शिकीन. त्या चोराच्या नावानं तिची शाळा काऊन बुडवू?" गर्दी पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. तेच म्हणाले, "चांगलं बोलले राजेहो." आणि मग, "शेवटचं मी सांगितलं नव्हतं."

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं म्हनलं ते." ते उठून गेले.

त्यानंतर ते शाळेच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत, शेतात जायला लांबचा पांदण रस्ता धरायचे. आमची भेट व्हायची ती बाजारात, दोन शब्दांपुरती. बऱ्याच वर्षांनी ते गेले तेव्हा तिरडीमागं भाऊबंद आणि गडीमाणसं, एवढेच होते. बाहेरचे म्हणून रहीमभाई तेवढे म्हातारपणी काठी टेकत आले होते. मी शाळेला अर्धा दिवस सुटी द्या म्हणून मुख्याध्यापकांकडे गेलो. ते परगावचे, तरुण गृहस्थ. "कोणासाठी? त्या वासेवाल्यांसाठी?" असं म्हणून ते हसले आणि मी कपाळ बडवून परत आलो.

आता मात्र मी मोकळा होतो. ते असेतोवर गप्प राहायचं होतं, ते राहिले नव्हते. त्या नांदायला गेलेल्या लेकी आता आज्या झाल्या आहेत, त्यांची नावं मी कधीच घेणार नाही. पण बाकीचं सांगायला मी सुरुवात केली. पारावर सांगितलं, बाजारात सांगितलं. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, "मास्तर थकले."

पुढं मुलींच्या शाळेचं संमेलन निघालं. त्या एका खोलीची आता मोठी शाळा झाली होती. मला अध्यक्ष म्हणून बोलावलं, हार घातला. मुलींनी एक छोटं नाटक बसवलं होतं, 'आपली शाळा कशी वाचली'. एक मुलगी पायाला फडकं बांधून लंगडत आली, ती मी. दुसरी काजळानं मिशा काढून, वासे खांद्यावर घेऊन चोरपावलांनी आली, ते चेअरमनसाहेब. लंगडणारीनं चावडीतलं माझं भाषण म्हटलं. जवळजवळ शब्द न् शब्द तेच. सगळं पटांगण टाळ्यांनी दणाणलं.

मी उठलो. मी सगळं सांगितलं. तो वर्ग कोणी आणला, ओसरीवर कोण बसलं, ते भाषण मला कोणी शिकवलं, त्या माणसानं स्वतःला शिव्या द्यायला कशासाठी लावल्या. "तुम्ही आत्ता जे पाहिलं," मी म्हणालो, "ते लिहिणारा तो होता. त्यानं चूक केली. माझा पाय त्यानंच मोडला. पण ही शाळा त्याची आहे." मी बोलत राहिलो आणि समोर सगळे स्तब्ध होते. मला वाटलं, चला, आज तरी पोचलं.

मी बसलो आणि आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक डोळे पुसत उठले. म्हणाले, "ज्यानं आपल्याला जन्माचं पंगू केलं, त्याच्याविषयीही गुरुजी किती चांगलं बोलले! स्वतःच्या कामाचं श्रेयही त्याला देऊन मोकळे झाले! मुलींनो, मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच." आणि त्यांनी मला दुसरा हार घातला.

कार्यक्रम उठल्यावर ती मिशावाली मुलगी माझ्या पाया पडायला आली. काजळ घामानं ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं.

"गुरुजी," तिनं विचारलं, "म्या चोर चांगला केला ना?"

माझ्यापाशी सांगण्यासारखं होतं ते सगळं मी आत्ताच सांगून टाकलं होतं.

"हाव," मी म्हणालो. "चांगला केला."